वीतभर लांब हेराल्ड

अण्णांचा पहिला फोन आला तेव्हा मी सहावीच्या मुलांची चित्रं तपासत बसले होते. नंबर अनोळखी, आणि पलीकडचा आवाज असा की फोन कानापासून जरा लांब धरावा लागला.

"पावणं, तुमच्या गाडीचा फोटो बघितला जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर. दोन दारांची हेराल्ड. आमच्याकडं बी तीच हाय. पण आमची तुमच्यापेक्षा वीतभर लांब हाय."

मी म्हटलं, असं कसं होईल? सगळ्या एकाच मापाच्या आल्या ना?

"आल्या एकाच मापाच्या. आमची आम्ही लांब केलीया. या की बघायला. आन् येताना तुमची घिऊनच या. एकाच रस्त्यावर दोन्ही चालवून बघू."

मी नाशिकला एका शाळेत चित्रकला शिकवते. हेराल्ड माझ्या मामांची. त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली आणि तेव्हापासून माझ्या सुट्या तिच्याच कामात जातात. लहानशी गाडी. गल्लीबोळात रिक्षालाही हेवा वाटावा अशी वळते आणि मोठ्या रस्त्यावर मात्र सारखी चुळबुळत राहते. याचं कारण मला माहीत होतं, पण ते वाचून. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे गाडीवाले ज्याला व्हीलबेस म्हणतात ते, जितकं कमी तितकी गाडी चपळ. जितकं जास्त तितकी शांत. पण बाकी सगळं अगदी सारखं आणि फरक फक्त त्या अंतराचा, अशा दोन गाड्या शेजारी शेजारी कुणाला चालवायला मिळतात? नाताळच्या सुटीत मी निघाले.

महामार्गाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पुलाच्या प्रत्येक सांध्यावर गाडीनं मान डोलावली, प्रत्येक ट्रक शेजारून गेला की ती दचकली, आणि कोल्हापूर येईपर्यंत माझे खांदे स्टिअरिंगवर ओणवून आखडून गेले होते.

कसबा बावडा

साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्याच्या कडेनं लागलेली, प्रत्येकामागे दोन दोन ट्रॉल्या, आणि हवेत मळीचा तो उग्र, गोडसर वास. पहिल्या दिवशी तो नाकात बसतो, दुसऱ्या दिवशी येईनासा होतो.

अण्णांचं घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला. मी चुकून पुढे गेले आणि जागच्या जागी गाडी वळवून परत आले. फाटकाजवळ खुर्चीत बसलेल्या माणसानं जोरात टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस का गं? एका दमात! आपल्या गाडीला तीनदा पुढं-मागं करावं लागतंय."

हे अण्णा. सत्तरीला आलेले, उंच, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि उजवा पाय समोर काठीसारखा सरळ पसरलेला. तो गुडघ्यात वाकतच नाही. त्यांच्यामागून हात पुसत आल्या त्या त्यांच्या पत्नी, गौराक्का. सगळे त्यांना अक्का म्हणतात. हे मूळचे शिरोळचे शेतकरी-व्यापारी. महापुरात दोनदा घर बुडाल्यावर ते इकडे राहायला आले. शेती मात्र तिकडेच आहे. नवरा-बायको एकमेकांशी निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड बोलतात. भांडण आलं की पूर्ण कन्नड.

"बसा की ताई. मी च्या टाकतो," अक्का म्हणाल्या.

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी करतो' असं बोलतात हे मी ऐकून होते. पण हातात बांगड्या आणि गळ्यात इष्टलिंगाची चांदीची करंडी असलेल्या बाईंच्या तोंडून ते ऐकताना पहिल्यांदा मजा वाटली. दोन दिवसांत मीही 'आलो की' म्हणायला लागले.

चहाआधी गाडी पाहायची असा माझा हट्ट. पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती, फिक्या निळ्या रंगाची. लांबून पाहिलं तर माझ्याच गाडीची बहीण. जवळ गेल्यावर कळलं की दाराच्या मागे जिथं माझ्या गाडीचं अंग लगेच संपत येतं, तिथं हिचं अजून वीतभर चालूच राहतं. जोड शोधून सापडला नाही. मी बोटं फिरवली, खाली वाकून सांगाड्याकडे पाहिलं. चित्र काढणाऱ्या माणसाला प्रमाण बिघडलेलं लगेच खटकतं. इथं बिघडलं होतं, पण इतक्या हौसेनं आणि सफाईनं की खटकण्याऐवजी कौतुक वाटलं.

"का केलीत लांब?" मी विचारलं.

अण्णांनी पायावर थाप मारली. "ह्याच्यासाठी. उसाची ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर मागं आला आन् मी मधी. पाय वाचला, गुडघा ग्येला. त्याच्या आधी मी घाटात ही गाडी पळवायचो, ताई. पन्हाळ्याच्या रस्त्याला माझ्यापुढं कोण जात न्हवतं."

अपघातानंतर ते गाडीत बसूच शकेनात. पुढच्या सीटवर सरळ पाय मावेना. गाडी विकायचा विषय निघाला, तेव्हा उद्यमनगरातल्या मिस्त्री दस्तगीरभाईंनी सांगाडा कापून मध्ये तुकडा घातला, दोन्ही सीटा मागपर्यंत सरकतील अशा केल्या, आणि अक्कांनी गाडी शिकून घेतली. गेली वीसेक वर्षं त्या चालवतायत आणि अण्णा डावीकडे पाय पसरून बसतायत.

जेवणात मी तांबड्या-पांढऱ्याच्या आशेनं आले होते हे कबूल केल्यावर अक्का खळखळून हसल्या. लिंगायतांचं घर, तिथं कुठला रस्सा! पण शाळूची भाकरी, भरलं वांगं, हिरव्या मिरचीचा खर्डा, घट्ट दही आणि शेवटी गव्हाची गरम हुग्गी, खिरीसारखी, वर तुपाची धार. आमच्याकडे पाहुण्याला 'अजून घ्या' असा आग्रह करतात. इथं विचारतच नाहीत, वाढतात. मी ताटावर हात धरला तर अक्का म्हणाल्या, "साकु म्हणायचं पोट भरल्यावर. आत्ता न्हाय." साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे.

शिरोळच्या वाटेवर

सकाळी निघण्याआधी अण्णांनी मला आणि अक्कांना कामाला लावलं. आधी एक छोटा बाक दोघींनी दोन टोकांना धरून शेडच्या कोपऱ्यावरून वळवायचा, मग लांब शिडी. बाक सहज वळला. शिडीचं पुढचं टोक मी वळवलं आणि मागून अक्कांची किंकाळी आली, कारण त्यांचं टोक थेट भिंतीत घुसलं होतं.

"ह्योच फरक!" अण्णा खुर्चीतून ओरडले. "लांब गाडीचं मागचं चाक कोपरा कापतंय. पुढचं सुटलं म्हणून मागचं सुटत न्हाय. आता शिडी घिऊन पळा बघू सरळ."

आम्ही पळालो. शिडी सरळ राहिली; बाक घेऊन पळालो तेव्हा तो सारखा इकडेतिकडे हलला. शेजारच्या गच्चीवरून दोन बायका हे सगळं बघत होत्या. अक्कांना त्याचं काहीच नव्हतं.

शिरोळकडचा रस्ता सपाट. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच उघडं झालेलं तोडलेलं रान, गुऱ्हाळाचा धूर. अर्ध्या वाटेवर गाड्या बदलल्या: अक्कांनी माझी घेतली, मी लांब हेराल्ड, अण्णा माझ्या डावीकडे, आणि पाचच मिनिटांत मला माझ्या गाडीची चुळबुळ आठवेनाशी झाली. तोच आवाज, तोच लाकडी डॅशबोर्ड, तेच बारीक स्टिअरिंग. पण खड्डा आला की ही गाडी पुढून खाली आणि मागून वर अशी झोपाळ्यासारखी हलत नव्हती. पुढचं चाक खड्डा ओलांडून सावरल्यावरच मागच्याची पाळी यायची. समोरून ट्रक गेला तरी ती आपल्या रेषेत चालत राहिली.

"झ्याक हाय की न्हाय?" अण्णा म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, जरा हळू, "पण मजा न्हाय."

तेवढ्यात एका गावाच्या वेशीवर उंच स्पीडब्रेकर आला. माझी गाडी तिथं सहज पार झाली असती. ही मधोमध घासली, खर्रर असा आवाज झाला आणि मी अण्णांकडे अपराधी चेहऱ्यानं पाहिलं. "असू दे," ते म्हणाले. "लांब पोटाला एवढं लागायचंच."

शेतावर उसाची तोड चालू होती. शेताजवळच्या जुन्या घराच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर पुराच्या पाण्याची रेघ होती, तिच्याखाली रंगाचे पापुद्रे. अक्का तिकडे न बघता थेट आत गेल्या आणि काकवीची बरणी घेऊन आल्या. परतताना माझी गाडी त्या उसाच्या बांधावर एका झटक्यात वळली आणि मी आरशात पाहिलं तर अक्का निळी गाडी मागेपुढे करत होत्या, स्टिअरिंगवर दोन्ही हातांनी, न चिडता, सवयीनं. वाटेत थांबलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "ताई, आज सपाटीला चालवली, उद्या पन्हाळ्याच्या घाटात बी मला तुमची चालवू द्या. ह्यांच्या तोंडून लई ऐकलंय. आपल्या हातानं एकदा बघतो."

पन्हाळा

वर जाताना ज्याची त्याची गाडी. गडावर वारा थंड, पण ऊन कोवळं. झुणका-भाकरी खाल्ली, भाजलेलं कणीस खाल्लं. सकाळी शहरात मिसळही झाली होती. इथं मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस देतात, आणि नाशिकमध्ये आम्ही पाव-पापड खातो हे ऐकून हॉटेलवाल्यानं माझ्याकडे करुणेनं पाहिलं होतं. तटावर अण्णा पाय पसरून बसले आणि खालच्या वळणांकडे बोट दाखवत सांगू लागले, कुठं ब्रेक मारायचा, कुठं आधीच गिअर पाडायचा. त्यांचा हात हवेत फिरत होता. त्या हातात स्टिअरिंग होतं हे दिसत होतं.

उतरताना अक्का माझ्या गाडीत एकट्या पुढे, आणि मी अण्णांना घेऊन निळ्या गाडीत मागे. पहिली दोन वळणं त्यांनी जपून घेतली. तिसऱ्याला गाडी अशी सर्रकन आत गेली की मला मागून त्यांचे खांदे हसल्यासारखे हललेले दिसले. चौथ्याला वेग वाढला.

"आवडली तिला," अण्णा म्हणाले. आवाजात अभिमान होता आणि आणखीही काही होतं.

वाघबीळ फाट्याच्या अलीकडे एका वळणावर शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर आलेला असावा. चाकांचा काळा ओला चिखल वळणभर पसरला होता, त्यात उसाचं पाचट. अक्का वळणात शिरल्या त्या लांब गाडीच्या सवयीनं, जरा आधी आणि जरा जास्त स्टिअरिंग फिरवून. तोकडी गाडी तेवढ्यानं फारच आत वळली. मागून येणाऱ्या आम्हाला ब्रेकचा दिवा दिसला नाही, पण गाडीची मागची बाजू किंचित उचललेली दिसली. त्यांनी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला होता.

"पाय काढू नगंस!" अण्णा काचेवर हात आपटून ओरडले. "पाय काढू नगंस गं!"

त्यांचा आवाज आमच्याच गाडीत राहिला. माझ्या हेराल्डची शेपूट बाहेर सुटली, गाडी भिंगरीसारखी फिरली आणि आमच्याकडे तोंड करून कडेच्या गवतात थांबली. मी ब्रेक दाबला. त्याच चिखलावर आमचीही मागची बाजू सरकली, पण ती हळूहळू, सांगून सरकली. मला स्टिअरिंग सावरायला वेळ मिळाला.

माझं लक्ष दरीकडे होतं. दरी अजून बऱ्याच अंतरावर होती, पण तेव्हा ते कळत नव्हतं. अण्णा दार उघडून उतरायची धडपड करत होते. घाईत त्यांचा पाय दारात अडकला आणि ते हातांवर रस्त्यावर पडले. मी त्यांना उठवेपर्यंत अक्का गाडीतून उतरून आमच्याकडे चालत आल्या होत्या. चेहरा पांढरा, आणि त्या हसत होत्या.

"काय झालं न्हाय मला. तुम्ही कशाला पडलासा?"

अण्णांनी त्यांचा हात धरला तो सोडेचनात. मग त्यांनी स्वतःला सावरलं आणि समजावलं. तोकडी गाडी सांगितलेलं लगेच ऐकते, म्हणून तिला थोडंच सांगायचं. वळणात पाय उचलला की भार पुढं येतो आणि शेपूट हलकी पडून सुटते. लांब गाडी सुटायला वेळ घेते, ही घेत नाही. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, परत एकदा जाऊन येऊ?"

मी नाही म्हणू शकले असते. गाडीला ओरखडाही नव्हता आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला पुसायचं नव्हतं. त्या वर गेल्या, वळून खाली आल्या, आणि त्याच चिखलावरून, पाय स्थिर ठेवून, स्टिअरिंग नुसतं सुचवल्यासारखं फिरवून स्वच्छ निघून गेल्या. मी टाळ्या वाजवल्या. अण्णा आपल्या ताठ पायाकडे बघत होते.

खाली टपरीवर चहा घेताना त्यांनी सांगून टाकलं. दस्तगीरभाईंना त्यांनी आत्ताच फोन केला होता. निळी गाडी कापून परत मूळच्या मापाची करायची.

"माझ्या पायापायी बिघडवलेली गाडी वीस वरसं ओढलीस तू. आज बघितलं की मी, तुला कशी आवडली ती. तुझी तुला नीट करून द्यायचीया."

"आन् तुम्ही कुठं बसणार?" अक्कांनी विचारलं.

"मी घरी बसतो."

अक्का कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या. मग कप आपटून ठेवून त्या गाडीकडे निघाल्या. परतीच्या वाटेवर त्या निळी गाडी चालवत होत्या आणि शेजारी अण्णा. दोघांची तोंडं दोन दिशांना होती.

उद्यमनगर

उद्यमनगरात एका रस्त्यावर लेथ, पुढच्यावर ओतकाम, त्याच्यापुढे स्प्रिंगवाले. आपल्याकडे 'हा पार्ट मिळत नाही' म्हणतात, तिथं इथले लोक 'नमुना दावा' म्हणतात. माझ्या गाडीचा एक दुर्मिळ झालेला बुश, म्हणजे सांध्यात बसणारी छोटी नळी, मी सहज दाखवला तर दुकानदारानं तो हातात घेतला, मापला आणि "संध्याकाळी न्या" म्हणून मोकळा झाला.

दस्तगीरभाई दाराशीच उभे होते, भरदार मिशा, गळ्यात रुमाल. आपण केलेला जोड पाहुण्यांना सापडला नाही हे कळल्यावर त्यांनी ते रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना ओरडून सांगितलं. मग खडूनं निळ्या गाडीच्या अंगावर रेघ मारायला वाकले.

"दस्तगीरभाई, कापायचं न्हाय," अक्का म्हणाल्या.

"आँ? अण्णांनी तर सांगितलंय..."

"अण्णांचं मी बघतो. आधी ह्यांना चालकाच्या सीटवर बसवा."

अण्णांना काही कळेना. "हिकडं कशाला? मी बसतो तिकडं."

"बसा म्हणतो न्हवं!"

दस्तगीरभाईंनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून अण्णांना स्टिअरिंगमागे बसवलं. अक्कांनी सीट मागे ढकलली, शेवटपर्यंत. ताठ उजवा पाय पेडलांच्या बाजूनं सरळ आत गेला आणि तिथं मावला. दार लागलं. अण्णांनी नकळत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते.

अक्का खिडकीशी वाकल्या.

"ताईंच्या गाडीत हे झालं आसतं का? दार बी लागलं नसतं. एवढी वरसं तुम्ही शेजारी बसलासा, माझ्या बी डोक्यात आलं न्हाय. काल तिथं तटावर तुमचे हात बघितले तवा आलं." त्या दस्तगीरभाईंकडे वळल्या. "डावा पाय चांगला हाय, क्लच दाबंल. ब्रेक आन् ॲक्सिलरेटर हाताला येईल असं दांडकं करता येतंय का?"

"का न्हाय? ढकललं की ब्रेक, वढलं की पळंल. मागं एका दुकानदाराच्या गाडीला केलंय की. पण आरटीओत नोंदवावं लागंल."

"ते मी बघतो."

"मला न्हाय जमायचं," अण्णा म्हणाले. त्यांचा तो मोठा आवाज एकदम बारीक झाला होता. "लई वरसं झाली गं."

"मला तरी कुठं जमत हुतं? तुम्हीच शिकवलासा, शेजारी बसून, वरडून वरडून. आता मी वरडतो."

माझा मुक्काम वाढला. त्या दिवसांत मी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायले, माझा बुश बसवून घेतला आणि रोज एकदा दस्तगीरभाईंच्या दाराशी डोकावून आले. दांडा तयार झाला तेव्हा त्यांनी त्याला पितळी मूठ लावली होती, कुणी सांगितलेली नसताना.

निघायच्या सकाळी आम्ही बावड्यामागच्या मोकळ्या माळावर गेलो. नोंद होईपर्यंत रस्त्यावर न्यायची नाही, अक्कांनी बजावून ठेवलं होतं. अण्णा स्टिअरिंगवर, अक्का डावीकडे. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा ती हबके खात निघाली आणि लगेच अक्कांचा आवाज माळभर घुमला, "हळू! हळू म्हणतो न्हवं! क्लच सोडा की!" माझ्या हेराल्डनं कधीच वळण संपवलं असतं; निळी गाडी मात्र आपला मोठा, सावकाश फेरा घेत होती. तिला मोठीच जागा लागते, आणि माळ मोठा होता.

दुसऱ्या फेरीला हबके कमी झाले. तिसऱ्या फेरीला अण्णांनी गिअर बदलला. माझ्या अगदी जवळून गाडी गेली तेव्हा मला आत दिसलं: अक्का दोन्ही पाय गाडीच्या तळाला रोवून, तिथं नसलेला ब्रेक जीव खाऊन दाबत होत्या. अण्णा समोर बघत होते, तोंड किंचित उघडं, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.

मी निरोपाचा हात केला. दोघांनीही पाहिला नाही. मी माझ्या गाडीत बसले, जागच्या जागी वळले आणि नाशिकचा रस्ता धरला.